माळावरचा एकच ससाणा

नाव पोपट आणि आडनाव ससाणे असलेल्या माणसानं पक्षी बघायच्या नादाला लागूच नये. लोकांना हसायला आयतं निमित्त मिळतं. पण विश्रांतवाडीचे पोपट बापूराव ससाणे या नादाला लागले ते थेट लहानपणी, आणि एकसष्टाव्या वर्षी तर त्यांच्यावर आख्ख्या फेरीची जबाबदारी येऊन पडली.

फेरी म्हणजे हिवाळ्यातली पक्षी फेरी. डिसेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी पुण्यातले पंधरा-वीस हौशी लोक कानटोप्या घालून कुठल्या तरी तलावावर नाहीतर माळावर जमतात, दोन-तीन तास दुर्बिणी डोळ्यांना लावून हिंडतात आणि मग मिसळ खायला जातात. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून पोपटराव या मंडळींच्या मागोमाग चालत होते. पुढे चालायचे ते इंग्रजी नावं सांगणारे. या वर्षी दिघीचा माळ आणि त्याखालचा पाझर तलाव अशी फेरी ठरली, तेव्हा हे सगळं जमवून आणणारा आमोद म्हणाला, "काका, हा माळ तुमच्याइतका कुणाला ठाऊक नाही. या वेळी मार्गदर्शक तुम्ही."

त्या संध्याकाळी पोपटरावांनी अर्धा किलो जिलेबी घरी नेली.

"कुणाचं लग्न ठरलं?" हिराबाईंनी विचारलं.

"माझी फेरी ठरली."

"बरं झालं. इतके दिवस उगीच उन्हातान्हात हिंडत होता, आता हुद्द्यानं हिंडा," असं म्हणून हिराबाईंनी जिलेबी ताटलीत काढली, पण पहिला तुकडा भरवला तो नवऱ्यालाच.

पोपटरावांनी आमोदकडे एकच मागणं केलं होतं. पोस्टरवर नाव 'पी. बी. ससाणे' असं टाकायचं. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं ते पी. बी. म्हणूनच वावरले. त्याआधी शाळेत कुणाची फजिती झाली, की पोरं ओरडायची, "पोपट झाला!" आणि सगळा वर्ग वळून यांच्याकडे बघायचा. नापास दुसरा व्हायचा आणि मान खाली यांची जायची. म्हणून नोकरी लागल्याबरोबर त्यांनी नाव दोन अक्षरांत गुंडाळून ठेवलं होतं.

आमोदनं ते मानलं नाही. "काका, मार्गदर्शकाचं पूर्ण नाव टाकायची आपली पद्धत आहे. पी. बी. लिहिलं की बँकेचे साहेब वाटतात."

पूर्ण नाव आलं. फक्त 'मार्गदर्शक' हा शब्द लांबलचक, पोस्टरच्या ओळीत मावेना, म्हणून आमोदनं तो उडवला. उरलं ते असं: हिवाळी पक्षी फेरी, दिघी माळ व पाझर तलाव, रविवार सकाळी साडेसहा, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, पोपट ससाणे. शेजारी पंख पसरलेला एक शिकारी पक्षी.

याचा काय परिणाम झाला ते पोपटरावांना शनिवारी दुपारच्या चहाला कळलं. त्यांची मुलगी निकिता हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. फोन त्यांच्यापुढे धरत ती म्हणाली, "पप्पा, तुमचं पोस्टर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलंय."

"हिंजवडीपर्यंत गेलं?" पोपटरावांची छाती फुगली.

"माझ्या टीममधले प्रज्ञेश आणि भाग्यश्री येतायत उद्या. मलाही चल म्हणाले. त्यांना वाटतंय…" ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "त्यांना वाटतंय, उद्या पोपट आणि ससाणे दिसणार आहेत. पक्षी."

पोपटरावांनी चष्मा लावून पोस्टर पुन्हा वाचलं. खरंच की. ज्याला ठाऊक नाही तो दुसरं काय वाचणार?

"मग तू काय सांगितलंस?"

"काही नाही." निकितानं कपातल्या चहाकडे बघत विचारलं, "पप्पा, उद्या तुम्ही नाव नाही सांगितलं तर चालेल ना? तसंही सगळे तुम्हाला काकाच म्हणतात."

स्वयंपाकघरात हिराबाईंनी पातेल्यावर झाकण जरा जोरातच आपटलं.

"चालेल की," पोपटराव म्हणाले. "आणि ओळख दाखवायची का नको?"

निकिता दोघांचे कप उचलून धुवायला घेऊन गेली. पोपटराव काय समजायचं ते समजले.

मुलगी वाईट नव्हती. आईबापाला जीव लावणारी होती, पहिल्या पगारात तिनं बापाला दुर्बीण घेऊन दिली होती. पण शाळेत बापाचं नाव घेतलं की वर्ग हसायचा, हे तिच्याही वाट्याला आलं होतं. आठवीत असताना एकदा रडत घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, गॅझेटमध्ये नाव बदलता येतं म्हणे. तुम्ही बदला ना." पोपटराव दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज घेऊन आले. तो भरायला मात्र हात धजला नाही. अर्ज अजून कपाटात होता, आणि निकिता शाळेच्या दाखल्यापासून कंपनीच्या ओळखपत्रापर्यंत सगळीकडे निकिता पी. ससाणे होती. पोपटरावांना त्याचं वाईट वाटायचं. पण आपणच आपलं नाव लपवलं, तर पोरीनं ते छातीवर का मिरवावं, असंही वाटायचं.

रविवारी सहालाच पोपटराव माळाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. पंधरा माणसं येतील असा अंदाज होता. साडेसहापर्यंत सत्तेचाळीस झाली. बिबवेवाडीहून दोन बस बदलून आलेल्या शैलाताईंनी तर पिशवीत हिरव्या मिरच्या आणि पेरू आणले होते, पोपटांसाठी. महसूल खात्यातून निवृत्त झालेले रावसाहेब दुधाच्या कॅनएवढी लेन्स गळ्यात घालून आले होते.

"ससाणे आले का?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"आले की. सहालाच आले," पोपटराव म्हणाले.

"अरे वा! कुठे आहेत?"

पोपटराव बोलणार, तेवढ्यात रिक्षातून निकिता उतरली. पाठोपाठ प्रज्ञेश आणि भाग्यश्री. एकाच घरातून निघालेली बाप-लेक वेगवेगळ्या वाटांनी आली होती.

"आहेत, इथेच कुठेतरी आहेत," पोपटराव पुटपुटले.

मग त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि आवाज चढवला. "माळावर एकच नियम. हात वर करायचा नाही. पक्षी दिसला तरी बोट दाखवायचं नाही. तोंडानं सांगायचं, हनुवटीनं दाखवायचं. दोन्ही हात पाठीमागे. अहो ताई, तुम्हीपण."

ती ताई म्हणजे निकिता. तिनं चमकून बापाकडे बघितलं आणि हात मागे घेतले.

सत्तेचाळीस माणसं पाठीमागे हात बांधून निघाली. तलावावर त्या दिवशी नुसती लयलूट होती. चक्रवाकांची चार जोडपी पाण्याच्या कडेला बसली होती. हळदी-कुंकू बदकं चोचीची पिवळी टोकं पाण्यात बुडवत होती. पोपटराव सांगत होते, हा थापट्या, चमच्यासारख्या चोचीनं पाणी गाळून खातो. तो शेकाट्या, पाय केवढे लांब बघा. त्यांना नावं आठवावी लागत नव्हती. ओळखीच्या माणसांची नावं घ्यावीत तशी तोंडात येत होती. पण मंडळींचं लक्ष आभाळाकडे. "ससाणा कधी?" हे चौथ्यांदा विचारून झालं.

तलाव संपवून माळावर चढल्यावर ते घडलंच. एका बाभळीच्या शेंड्यावर पांढुरका पक्षी बसला होता. रावसाहेब ओरडले, "ससाणा! तो बघा ससाणा!"

हातांचा नियम क्षणात मोडला. सत्तेचाळीस फोन वर गेले. पक्षी उडाला, आणि पुढच्या बाभळीवर जाऊन बसला.

"मिळाला!" रावसाहेबांचा चेहरा फुलला. "चला, सकाळ सार्थकी लागली."

सगळ्यात मागे असलेल्या आमोदनं विचारलं, "काका, ससाणाच ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. लोक खूश, आमोद खूश, पोरीला दिलेला शब्दही राहिला असता. पोपटरावांच्या मनात ते आलंसुद्धा. पण ज्या माळावर बापाचं बोट धरून ते पक्षी ओळखायला शिकले, तिथे उभं राहून एका पक्ष्याला दुसऱ्याचं नाव द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

"नाही," ते म्हणाले. "ही कापशी. कापशी घार. डोळे लाल आहेत, खांदे काळे आहेत. ससाण्याचे डोळे काळेभोर असतात."

"नक्की? मी नेटवर फोटो बघून आलोय."

"साहेब, या माळावर नेट यायच्या आधीपासून मी कापशी बघतोय."

रावसाहेबांनी लेन्स खाली केली. "मग ससाणा कुठाय? पोपट कुठायत? पोस्टरवर स्वच्छ छापलंय. माणसं बिबवेवाडीहून आलीत. नसलेल्या पक्ष्यांची नावं छापून गर्दी जमवायची, याला आमच्या खात्यात फसवणूक म्हणत."

दोन-तीन जण गाड्यांकडे वळले. आमोद पुढे आला, त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "चूक माझीच आहे. ते नाव… म्हणजे, पोस्टर मी केलं होतं…" त्यानं पोपटरावांकडे बघितलं आणि पुढचं गिळलं. सकाळीच त्यांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, आज माझं नाव घेऊ नकोस.

पोपटरावांनी निकिताकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. शब्द दिलेला होता, आणि दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. पण या पोराला सत्तेचाळीस माणसांत खोटारडा ठरू द्यायचं? तेही आपल्या नावापायी?

"पोस्टरवर एक अक्षरही खोटं नाही," पोपटराव म्हणाले. आवाज लेथच्या खडखडाटात चौतीस वर्षं कमावलेला होता, गाड्यांकडे निघालेलेही थांबले. "या माळावर आज ससाणा एकच आहे, आणि तो मी. पोपटही मीच. माझं नाव पोपट बापूराव ससाणे."

शैलाताईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि मी मिरच्या आणल्या की हो तुमच्यासाठी!"

"द्या की. भाजीला होतील."

माळ हसला. गाड्यांकडे निघालेले परत आले. रावसाहेबांनी थोडा वेळ तोंड आंबट ठेवून बघितलं, पण त्यांनाही राहवलं नाही. "म्हणजे पोपट आमचाच झाला!"

"जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचा तरी झाला, साहेब."

त्या हशात प्रज्ञेशचा आवाज आला. "ए निकिता, सेम सरनेम! रिलेटिव्ह आहेत का तुझे?"

निकितानं तोंड उघडण्याआधी पोपटराव बोलून मोकळे झाले. "छे हो. ससाणे पुण्यात पुष्कळ. हडपसरला तर आमच्या नावाचं नगर आहे." हे त्यांनी हसत हसत सांगितलं आणि पाठ फिरवली.

"पण काका," भाग्यश्रीनं विचारलं, "पोपट हे नाव ठेवलं कुणी?"

साठ वर्षांत या नावाला लोक हसले होते, पण ते कुठून आलं हे कुणीही विचारलं नव्हतं. घरातसुद्धा नाही. आठवीतल्या निकितानं नाव बदला म्हटलं तेव्हा सांगता आलं असतं, पण तेव्हा ते अर्ज आणायला गेले होते.

"ते समोरचे टॉवर आहेत ना," त्यांनी हनुवटीनं दाखवलं, "तिथे सगळा शाळू असायचा. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. माझे वडील, बापूराव, तिथे राखण करायचे. रान दुसऱ्याचं, राखण आमची. माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची आणि पाखरं हाकलायची. वडिलांचा नेम असा, की धोंडा पाखराच्या शेजारून जाणार पण पाखराला लागणार नाही. त्यांना प्रत्येक पाखराचं नाव, घर, खाणंपिणं ठाऊक. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. ऐन हुरड्याच्या दिवसांत आई अडली. आधीची दोन पोरं गेलेली. दुपारी निरोप आला, मुलगा झाला, दोघंही सुखरूप आहेत. त्याच वेळी शे-दीडशे पोपटांचा थवा कणसांवर उतरत होता. वडिलांनी गोफण उचलली आणि परत खाली ठेवली. म्हणाले, आज खाऊ दे लेकरांना. पोटभर."

कुणी फोन बघत नव्हतं.

"मालकानं संध्याकाळी शिव्या घातल्या. वडिलांनी हसत हसत ऐकून घेतल्या आणि घरी येऊन माझं नाव पोपट ठेवलं. सगळ्या जन्मात त्यांनी एकच दिवस गोफण चालवली नाही. तो माझा दिवस." पोपटरावांनी हात पुन्हा पाठीमागे घेतले. "हात वर करू नका म्हणतो, तेही त्यांचंच. माळावरचं पाखरू माणसाला भीत नाही, वर झालेल्या हाताला भितं. चला आता, खरी गंमत पुढेच आहे."

आता सत्तेचाळीस जण गुपचूप निघाले. ससाण्याचं नाव कुणी काढलं नाही. दोनशे पावलांवर पोपटराव थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "समोर बघा. काय दिसतं?"

"दगड," रावसाहेब म्हणाले.

"किती?"

"पुष्कळ आहेत."

"त्यातले सात दगड जिवंत आहेत. मी दाखवणार नाही. तुम्ही शोधा."

लोक उभे राहिले. वारा गवतातून सळसळत होता. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. मग एक तांबूस दगड तुरुतुरु पाच पावलं पळाला आणि थांबला. त्याच्या डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ गेली होती.

"अगंबाई," शैलाताई कुजबुजल्या.

"धाविक," पोपटराव म्हणाले. "उडायला येतं, पण पळणं पसंत करतो."

दुसरा पळाला. तिसरा. सातवा तर रावसाहेबांपासून दहा-बारा पावलांवर निघाला, इतका वेळ ते त्याच्यावरून नजर फिरवत होते. रावसाहेबांनी फोटो काढला नाही. हात वर होईल म्हणून त्यांनी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. तेवढ्यात गवताच्या शेंड्यांना पोट घासत भोवत्या नावाचा शिकारी पक्षी आला, हजारो मैलांवरून हिवाळ्यापुरता आलेला पाहुणा. डोक्यांवरून शांतपणे गेला. सत्तेचाळीस माणसं हात मागे बांधून नुसती मान वळवत राहिली. पोपटरावांना वाटलं, बापूराव असायला हवे होते. आपल्या पोरानं एवढा माळ शांत उभा केलाय हे त्यांनी बघायला हवं होतं.

फेरी संपली की गोल करून उभं राहायचं, प्रत्येकानं आपलं पूर्ण नाव आणि आज आवडलेला एक पक्षी सांगायचा, ही ग्रुपची पद्धत होती. आमोद वहीत लिहून घेत होता. शैलाताईंनी हळदी-कुंकू बदक सांगितलं. रावसाहेबांनी धाविक सांगितला, आणि वर म्हणाले, "पोस्टरबद्दलची तक्रार मागे." प्रज्ञेशनं भोवत्या सांगितला.

पुढचा नंबर निकिताचा होता. पोपटराव मुद्दाम बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. तिला अवघड जायला नको.

"निकिता," ती म्हणाली आणि थांबली.

"पूर्ण नाव," आमोद वहीतून मान वर न करता म्हणाला.

"निकिता पोपट ससाणे."

आवाज लेथचा नव्हता, पण गोलाच्या पार टोकापर्यंत गेला. नाडी पोपटरावांच्या हातातच राहिली.

"एक मिनिट," प्रज्ञेश म्हणाला. "ते तर म्हणाले, रिलेटिव्ह नाहीत."

"माझ्यासाठी म्हणाले. मी सांगितलं होतं त्यांना." निकिताचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत. तिचे हात अजून पाठीमागेच होते. "माझे पप्पा आहेत ते. पी म्हणजे पोपट. सोमवारी ओळखपत्रावर पूर्ण नाव टाकून घेणार आहे मी."

आमोदनं नाव लिहिलं. मग पद्धतीप्रमाणे विचारलं, "आणि आवडलेला पक्षी?"

"नावात सांगितला की. दोन्ही."

गोल टाळ्या वाजवायला लागला. पोपटराव उठून उभे राहिले. एका बुटाची नाडी सुटलेलीच होती. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात होतं, पण बोलायच्या ऐवजी त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, खांद्यापेक्षा वर, डोक्यापेक्षाही वर. गवतातल्या दोन टिटव्या कल्ला करत उठल्या आणि तलावाकडे पळाल्या.

"पप्पा," निकिता म्हणाली, "हात खाली."